पानगळीच्या दिवसांत आई-बाबांना जुनी अमेरिका कशी दाखवावी? – बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि आसपास

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार. गणपती उरकून माझे आई-बाबा सप्टेंबरच्या अखेरीस आमच्याकडे न्यू जर्सीला येत आहेत. बाबा ७४ वर्षांचे आहेत. पुण्यातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांना उंच इमारती आणि मॉल दाखवण्यात काही अर्थ नाही. आई ६९ वर्षांची असून तिचे गुडघे दुखतात; ती सपाटीवर तासभर चालू शकते, पण जिने आणि चढ तिला सोसत नाहीत. मागच्या खेपेला आम्ही एका सहल कंपनीच्या बसने त्यांना पाच दिवसांत चार शहरे दाखवली होती. त्या सहलीतले बाबांना आज फक्त बसमधला थंड वारा आणि 'वीस मिनिटांत परत या' ही घोषणा आठवते.

या वेळी ऑक्टोबर महिना हाताशी आहे. माझा कच्चा बेत असा आहे: तीन दिवस बॉस्टन, एक दिवस सेलम, दोन दिवस फिलाडेल्फिया, दोन दिवस वॉशिंग्टन आणि शेवटी व्हरमाँटमध्ये रंगीत पाने. कोणी अशा ऋतूत ज्येष्ठांना घेऊन या ठिकाणी गेले असल्यास काय ठेवावे आणि काय गाळावे, हे कृपया सांगावे.

चार्ल्सकाठी

मी सोळा वर्षे बॉस्टनमध्ये राहतो आणि दर ऑक्टोबरला पाहुण्यांची वर्दी असल्यामुळे ही वाट अनेकदा तुडवली आहे. प्रथम बेताविषयी स्पष्टच बोलतो: आपण बसवाल्या कंपनीला नावे ठेवून तिचाच बेत स्वतः आखला आहे. पाच ठिकाणांऐवजी दोनच ठेवावीत.

पानांच्या वेळापत्रकाचा विचार केला तर व्हरमाँट आणि बॉस्टन एकाच सहलीत साधणे अवघड आहे. उत्तरेकडच्या डोंगरांत रंग सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरात येतात. बॉस्टनमध्ये समुद्राच्या उबेमुळे तेच रंग ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतात आणि काही वर्षी नोव्हेंबर उजाडतो. फिलाडेल्फिया त्याच्याही थोडे मागे असते. म्हणून शहरांसाठी ऑक्टोबरचा तिसरा आठवडा धरावा. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा असतो, त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळावा; तसेच महिन्याच्या उत्तरार्धात चार्ल्स नदीवर नौकांच्या मोठ्या शर्यती असतात, त्या दिवसांत हॉटेलांचे दर ऐकून बाबा स्टेशनवर झोपायला तयार होतील.

बॉस्टनमध्ये 'फ्रीडम ट्रेल' म्हणून जी वाट आहे, तिच्यासाठी पदपथावर तांबड्या विटांची रेघ ओढलेली आहे. ही वाट अडीच मैलांची, म्हणजे सुमारे चार किलोमीटरची असून तिच्यावर सोळा ठिकाणे आहेत. एका पत्रकाराच्या सूचनेवरून १९५१ साली ती आखली गेली. ती एका दमात पुरी करायची असते असा लोकांचा समज झालेला आहे आणि तोच सहलीचा घात करतो. मी तिचे दोन तुकडे करतो.

पहिल्या दिवशी बॉस्टन कॉमनपासून सुरुवात करावी. १६३४ साली राखून ठेवलेले हे मैदान या देशातले सर्वांत जुने सार्वजनिक उद्यान मानले जाते. बाके भरपूर आहेत आणि शेजारच्या पब्लिक गार्डनमधली झाडे या दिवसांत पिवळी-तांबडी झालेली असतात. आईंना तिथे अर्धा तास बसू द्यावे. टेकडीवरचे सोनेरी घुमटाचे विधिमंडळ १७९८ सालचे आहे. त्याच्या समोरच रॉबर्ट गूल्ड शॉ हा अधिकारी आणि त्याची चोपन्नावी पलटण यांचे ब्राँझचे शिल्प आहे. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे चेहरे शिल्पकार सेंट-गॉडन्सने एकेक करून वेगळे घडवले आहेत. बहुतेक लोक घुमटाचा फोटो काढून पाठ फिरवतात आणि ते शिल्प त्यांच्या पाठीमागेच राहते.

तिथून उतरणीवर ग्रॅनरी दफनभूमी लागते. जॉन हॅनकॉक, सॅम्युएल ॲडम्स आणि पॉल रिव्हिअर हे तिघेही तिथे आहेत. पाटीच्या दगडांवरची पंख फुटलेली कवटी बाबांना नक्की थांबवील. मग ओल्ड साउथ सभागृह आणि ओल्ड स्टेट हाउस पाहून त्या दिवशी थांबावे.

दुसऱ्या दिवशी उरलेला भाग उलट्या टोकाकडून करावा. लाँग वॉर्फच्या धक्क्यावरून चार्ल्सटाउनला शहर वाहतुकीची बोट जाते. दहा मिनिटांचा प्रवास असून आईंचे चालणे वाचते आणि शहर पाण्यावरून दिसते. तिथे 'कॉन्स्टिट्यूशन' ही युद्धनौका आहे. ती २१ ऑक्टोबर १७९७ रोजी पाण्यात उतरली आणि आजही नौदलाच्या सेवेत नोंदलेली आहे. नौकेवर चढताना सुरक्षातपासणी होते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावेत. बंकर हिलच्या स्तंभाला २९४ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. पर्वती सवयीने चढणाऱ्यालाही त्या दमवतात. तो मोह बाबांनी आवरलेला बरा.

जुना_नकाशा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत हे वाचून काही भर घालावीशी वाटते, कारण ओल्ड साउथ सभागृहात उभे राहिल्यावर पुण्याच्या माणसाने आठवाव्यात अशा काही गोष्टी आहेत.

१६ डिसेंबर १७७३ रोजी या सभागृहात सुमारे पाच हजार माणसे जमली होती आणि त्याच रात्री ब्रिटिश कराच्या निषेधात बंदरातल्या तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता, आणि त्या खुनातून निघालेल्या भाऊबंदकीचा हात धरून तीच कंपनी पुण्याच्या राजकारणात शिरली. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिलला, लेक्सिंग्टन-कॉन्कॉर्डला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या सुटल्या. एकाच कंपनीचा हिशेब दोन टोकांना असा उलगडत होता. फरक एवढाच की बॉस्टनमध्ये कंपनीच्या मागे ब्रिटिश संसद उघडपणे उभी होती, तर मुंबईकरांनी कलकत्त्याला न विचारताच तह केला होता.

कॉर्नवॉलिस या ब्रिटिश सेनापतीचेही तसेच आहे. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला त्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. पुढे तोच माणूस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि मराठे व निजाम यांना बरोबर घेऊन टिपूविरुद्ध लढला. अमेरिकेतले लोक त्याला हरलेला सेनापती म्हणून ओळखतात आणि आपण कायमधारा पद्धतीचा जनक म्हणून.

वाटसरू

जुना_नकाशा, आपला प्रतिसाद आवडला. मात्र एक प्रश्न आहे: बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा आपल्याकडचा, म्हणजे आसामचा, होता असे मी एका वाटाड्याच्या तोंडून ऐकले होते. ते खरे आहे का?

जुना_नकाशा

नाही. तो चहा चीनमधून आलेला होता. आसामातली चहाची लागवड एकोणिसाव्या शतकातली आहे. कंपनीच्या नावात 'इंडिया' असल्यामुळे ही गल्लत वारंवार होते आणि वाटाड्यांना टाळ्या मिळत असल्यामुळे ती टिकते.

फिलीची_सून

फिलाडेल्फियासाठी मी लिहिते, कारण बॉस्टनवाल्यांना आपल्या गावापलीकडे क्रांती झाली होती हे पटत नाही.

फिलाडेल्फियाचा मोठा गुण असा की जुने शहर सपाट आहे आणि मुख्य ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत. इंडिपेंडन्स हॉलमध्ये प्रवेशाची वेळ ठरवून तिकीट घ्यावे लागते, ते आधीच काढावे. आतली सभागृहाची खोली बेताचीच आहे. हिरव्या कापडांनी झाकलेली टेबले आणि समोर एक खुर्ची. त्या खुर्चीच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. १७८७ साली राज्यघटनेवर सह्या होत असताना फ्रँकलिन म्हणाले होते की, हा सूर्य उगवता आहे की मावळता हे इतके दिवस मला कळत नव्हते, आता तो उगवता आहे हे कळले. खोलीतले पुष्कळसे सामान त्या काळाला शोभेल असे नंतर जमवलेले आहे, पण ती खुर्ची अस्सल आहे, हे बाबांना आवर्जून सांगावे.

लिबर्टी बेल पाहायला पैसे पडत नाहीत, रांग मात्र लागते. घाई असेल तर बाहेरच्या काचेतूनही घंटा दिसते. ही घंटा १७५२ साली लंडनहून आली, पहिल्याच चाचणीत तडकली आणि इथल्या दोन कारागिरांनी वितळवून पुन्हा ओतली. आज दिसणारी भेग नंतरची आहे. १८४६ साली वॉशिंग्टन यांच्या जयंतीला ती वाजवली आणि त्यानंतर ती वाजण्याजोगी राहिली नाही. घंटेच्या इमारतीला लागूनच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहत असत त्या घराच्या पायाचे अवशेष आहेत. त्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. स्वातंत्र्याची घंटा आणि ती जागा यांत चार पावलांचे अंतर आहे, आणि बाबांसारख्या शिक्षकाला त्या चार पावलांवर बोलण्यासारखे बरेच असेल.

एल्फ्रेथ्स ॲली ही गल्ली चुकवू नये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची ही वाट आहे. दोन्ही बाजूंना लहान विटांची बत्तीस घरे आहेत आणि आजही तिथे माणसे राहतात. ऑक्टोबरात दारांशी भोपळे आणि शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या असतात. सदाशिव पेठेतल्या बोळाची आठवण होईल, फक्त दुचाकी नसतील. पायाखाली गोटे आहेत, म्हणून आईंना बूट घालायला लावावेत. जेवणासाठी रीडिंग टर्मिनल मार्केट गाठावे. १८९३ सालचा हा बाजार आहे आणि शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही.

ईस्टर्न स्टेट तुरुंग मात्र दिवसा पाहावा. एकांतवासाने माणूस सुधारतो या कल्पनेवर १८२९ साली उभा राहिलेला हा तुरुंग मनावर फार परिणाम करतो. याच दिवसांत रात्री तिथे भुताखेतांचा खेळ असतो, त्याचे तिकीट चुकूनही काढू नये. आम्ही सासूबाईंना एकदा नेले होते. त्या अजून मला त्यावरून बोलतात.

वाटसरू

भुताखेतांचा विषय निघालाच आहे, तर सेलमविषयी लिहितो. ऑक्टोबरात सेलमला मोटारीने जाऊ नये, कारण पार्किंग मिळत नाही. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून अर्ध्या तासात गाडी पोहोचते. पण माझे मत विचाराल तर ऑक्टोबरात सेलम गाळावेच. १६९२ साली तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिले गेले आणि एका वृद्धाला दगडांखाली चिरडले गेले. त्या गावात टोकदार टोप्या घातलेल्या गर्दीतून वाट काढताना मला संकोच वाटला.

चार्ल्सकाठी

वाटसरू यांच्या मताशी निम्मा सहमत आहे. गर्दी शनिवारी-रविवारी असह्य असते. मंगळवारी-बुधवारी सकाळी ते गाव माणसात असते. चेटकिणींचा बाजार सोडून थेट धक्क्याकडे जावे. सेलमच्या जहाजांचा हिंदुस्थानाशी व्यापार होता आणि केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेल्या कप्तानांनी १७९९ साली एक मंडळ स्थापन केले. त्यांनी आणलेल्या चीजवस्तूंतून वाढलेले पीबडी एसेक्स संग्रहालय आज हुसेन यांच्यासारख्या आधुनिक भारतीय चित्रकारांच्या संग्रहासाठीही ओळखले जाते. फाशीची नेमकी जागा २०१६ साली निश्चित झाली आणि पुढच्या वर्षी तिथे साधे स्मारक उभारले. ते वस्तीत आहे आणि तिथे शांतता असते.

तरीही एकच दिवस हाती असेल तर मी सेलमऐवजी कॉन्कॉर्ड सुचवीन. नॉर्थ ब्रिजकडे जाणारी वाट सपाट आहे, दोन्ही बाजूंना कुरणे, खाली संथ नदी आणि तिसऱ्या आठवड्यात मेपलचे रंग. जवळच वॉल्डन तळे आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्या तळ्यातला बर्फ कापून नेला गेला. तो कापणाऱ्या ट्यूडरने १८३३ सालापासून बॉस्टनचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवण्याचा धंदा चालवला होता. तळ्याकाठी राहणाऱ्या लेखक थोरोला झोपडीच्या दारातून ती कापणी दिसत होती आणि तो सकाळी गीता वाचत होता. तळ्याकाठी मोटारींची संख्या मर्यादित ठेवतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे.

उंबरठा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. व्हरमाँट, वॉशिंग्टन आणि सेलम गाळले. सुटकेसचे ओझे उतरावे तसे वाटले. एक शंका: पाने लाल का होतात, असे आईने विचारले आहे. तिला 'थंडीमुळे' हे उत्तर पुरत नाही.

वाटसरू

मी वनस्पतिशास्त्र शिकलो आहे, म्हणून प्रयत्न करतो. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातले हरितद्रव्य मोडते आणि पानातला नत्र परत घेते. हिरवा झाकोळ गेल्यावर आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र तेव्हा नव्याने तयार होतो. पानात अडकलेल्या साखरेपासून तो बनतो आणि दिवसा लख्ख ऊन व रात्री गोठवणार नाही इतपत गारवा असेल तर तो खुलतो. म्हणून ढगाळ, पावसाळी ऑक्टोबरात पिवळे रंग नेहमीसारखे दिसतात आणि तांबडे फिके पडतात.

जुना_नकाशा

आणखी एक सूचना, जी खरे तर सर्वांत आधी करायला हवी होती. आपण न्यू जर्सीत राहता आणि फिलाडेल्फियाला जाणार आहात, म्हणजे आनंदीबाई जोशी यांच्या वाटेवरच आहात. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा ओढून हे गाव विजेने उजळले होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या; पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. त्या महाविद्यालयाचे दप्तर आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. वर्षही पुरे झाले नाही तोच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि ती न्यूयॉर्क राज्यातल्या Poughkeepsie गावच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत आहे. गावाच्या स्पेलिंगावर जाऊ नये. स्थानिक लोक 'पकिप्सी' म्हणतात.

हडसन नदीचे खोरे ऑक्टोबरच्या मध्यास पाहण्यासारखे असते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून सुमारे दोन तासांत थेट गाडी तिथे जाते आणि बराचसा रुळ नदीला चिकटून आहे. गावात १८८९ साली खुला झालेला रेल्वेचा पूल आहे. १९७४ च्या आगीनंतर तो बंद पडला आणि २००९ पासून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी उघडला. पाण्यापासून २१२ फूट उंच, लांबी सव्वा मैलाहून थोडी जास्त, पूर्ण सपाट. नदीकाठावरून वर जायला लिफ्ट आहे.

उंबरठा (धागाकर्ती)

काल परतलो, म्हणून वृत्तान्त देत आहे.

बॉस्टन दोन तुकड्यांत केले. ओल्ड स्टेट हाउसच्या सज्ज्याखाली बाबा बराच वेळ उभे होते. १८ जुलै १७७६ रोजी तिथून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि छपरावरचे सिंह व युनिकॉर्न, म्हणजे ब्रिटिश राजचिन्हे, उतरवून जाळले गेले. आज तिथे पुन्हा तसेच सिंह आणि युनिकॉर्न बसवलेले आहेत, आणि त्याच इमारतीच्या पोटातून भुयारी रेल्वेच्या स्थानकात उतरता येते. 'शनिवारवाड्याखाली मेट्रो काढली असती तर आपण किती भांडलो असतो', असे बाबा म्हणाले. बंकर हिलचा मोह त्यांना आवरला नाही. ते वर गेले, खाली आले आणि संध्याकाळभर काहीही न बोलता बसले.

आईला बोट आवडली आणि कॉन्कॉर्डचा पूल आवडला. धक्क्यावरचा वारा मात्र बोचरा होता. शाल आणि कानटोपी दोन्ही लागली. फिलाडेल्फियात आईने फ्रँकलिन यांच्या थडग्यावर लोकांनी टाकलेली नाणी पाहून 'इथेही पैसे टाकतात का' असे विचारले आणि पर्समधून एक नाणे काढून टाकले.

पकिप्सीला आम्ही मंगळवारी गेलो. दफनभूमी मोठी आहे, चढउताराची आहे. मोटारीशिवाय आईला जमले नसते, म्हणून स्थानकावरून टॅक्सी केली. कार्यालयात नाव सांगताच तिथल्या बाईंनी नकाशावर खूण करून दिली. दगड साधा आहे. त्यावर नाव, पुढे एम. डी., जन्म-मृत्यूची वर्षे आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर आहे. दगडावर मेपलची ओली पाने चिकटली होती, ती आईने हाताने बाजूला केली. बाबांनी मजकूर मोठ्याने वाचला आणि 'बावीस पुरी नव्हती', एवढेच म्हणाले. आम्ही तिथे पाऊण तास होतो. पुलावर जायला वेळ उरला नाही.

वाटसरू

वाचून बरे वाटले. आम्ही पुढच्या रविवारी जाण्याचे म्हणत आहोत. गाडीत नदी कोणत्या बाजूला येते, आणि घड्याळ मागे गेल्यावर उजेड किती वाजेपर्यंत मिळेल?

उंबरठा (धागाकर्ती)

जाताना डावीकडे बसावे आणि येताना उजवीकडे. घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. त्यानंतर साडेचार-पावणेपाचलाच सूर्य मावळतो, म्हणून सकाळची गाडी धरावी. पाने बरीचशी गळलेली असतील, पण नदी आणि दगड तेव्हा अधिक स्पष्ट दिसतील.